पुडीतला गुलाब

२७ जानेवारी, मंगळवार

ऑफिसात नवं काम. नेहामॅडमनी टेबलावर कागद ठेवला. गुलाबाचे रंग आणि त्यांचे अर्थ, सगळं इंग्रजीत. मराठी करून आमच्या फुलांच्या ॲपवर चढवायचं, रोझ डेच्या आत. म्हणजे ७ तारखेच्या आत.

का, तर नाशिकच्या एका जावयाने सासूबाईंच्या एकसष्टीला आमच्याकडून पांढऱ्या गुलाबांचा गुच्छ पाठवला. सासूबाईंनी तो उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावला आणि जावयाला फोन केला, "कोण गेलं?" मॅडमनी नक्कल करून सांगितलं. सगळे हसले. मीही हसले. मग पाणी प्यायला उठले.

"तूच कर हे. तू मराठी घेऊन बी.ए. केलंयस ना?"

केलंय. आमच्या घरात पहिलंच. ती फ्रेम अजून टीव्हीच्या वर आहे, आई रोज पुसते.

लाल – प्रेम. पिवळा – मैत्री. गुलाबी – कृतज्ञता. केशरी – ओढ. जांभळा – पाहताक्षणी जडलेलं प्रेम. पांढरा –

इथे थांबले. उद्या.

२८ जाने.

घरी यादी वाचून दाखवली. आई वाल सोलत होती.

"लाल गणपतीला. पिवळा गुरुवारी दत्ताला. उरलेला केसात. झालं तुझं ॲप."

बाबा म्हणाले, "आणि लग्नात दारात देतात तो?" बाबा फोर्टात लिफ्टवर असतात, दिवसभर लोकांना मजले विचारून घरी आले की त्यांना प्रश्न सुचतात.

तो कुठला रंग असायचा? लहान, गडद गुलाबी, देठाला चंदेरी कागद. हॉलच्या दारात एक मुलगी तबक घेऊन उभी, दुसरी गुलाबपाणी शिंपडणारी. चाळीतल्या निम्म्या लग्नांत ती दुसरी मी. गुलाबदाणी जड असायची. काही बायका डोळे मिटून चेहरा पुढे करायच्या, काही साडी सांभाळत मागे व्हायच्या. त्या फुलाचा अर्थ कुणी विचारला नाही. या, आत या, एवढाच असेल.

कॉलेजात रोझ डेला तिन्ही वर्षं मला पिवळा. तिसऱ्या वर्षी देणाऱ्यालाच विचारलं, "लाल संपले होते का रे?" तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, "नाही."

पांढऱ्याची ओळ मोकळीच.

३० जाने., शुक्र.

बाबा बातमी घेऊन आले. शेजारच्या सुलूकाकू खोली सोडतायत. गुडघे गेले, बाजारात पाटीवर मासे घेऊन बसणं होत नाही. मुलगी शीव कोळीवाड्यात, तिच्याकडे कायमच्या. १२ तारखेला टेम्पो.

आईने ऐकलं. "कोणी सांगितलं?" एवढंच.

"अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे. आपल्यालाच शेवटी कळलं."

आमच्या दारापासून त्यांचं दार अकरा पावलं. लहानपणी मोजलेली, तेव्हा सतरा होती.

झोपायच्या आधी लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. मी पाच-सहा वर्षांची. सकाळी दाराच्या कडीला फुलपुडी अडकवलेली. हिरव्या पानात बांधलेली, दोऱ्याची गाठ ओली. आई पुडी सोडायची: जास्वंद, दूर्वा, दोन झेंडू, तुळस, आणि एक देशी गुलाब. तो बारका, वासाचा. गुलाब देवाला कधी गेलाच नाही. आई तो माझ्या तळहातावर ठेवायची. "जा, काकूला देऊन ये. पाकळ्या सांडू नको."

काकू दार उघडं टाकून आरशासमोर. अंबाडा झालेला, आकडा दातात. हात मागे करायच्या, न बघता. मी फूल त्या हातात द्यायची.

"पुडी आली," म्हणायच्या. "आता बाजार उघडला."

रोज. आजारी असले तरी.

३१ जाने.

आज ते लिहायचंच. आजवर कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.

आठवीतली संक्रांत. दादरला शुभेच्छापत्रांच्या दुकानात भिंतीवर तक्ता होता, गुलाबाच्या रंगांचे अर्थ. घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. वहीत उतरवून घेतला. त्या वर्षी आमच्याकडच्या हळदीकुंकवाला फुलं मी द्यायची असा हट्ट धरला. आई कौतुकाने हो म्हणाली. फूलबाजारातून रंगीत गुलाब आणले. प्रत्येक बाईला तिच्या स्वभावाप्रमाणे रंग, देठाला माझ्या अक्षरातली चिठ्ठी.

सुलूकाकू मला सगळ्यांत जास्त आवडायच्या. म्हणून तक्त्यातला सगळ्यांत चांगला अर्थ त्यांना. पांढरा. चिठ्ठीवर "निर्मळ मन आणि आदर".

काका तेव्हा हॉस्पिटलात होते. मला माहीत होतं. तरी माझ्या डोक्यात ते दोन एकत्र आलेच नाहीत. मी तक्ता वाचला होता ना.

मागून कुणीतरी, "अगं, पांढरं काय देतेस तिला?" काकूंनी फूल घेतलं. माझ्या गालाला हात लावला. तिळगूळ न घेताच गेल्या.

नवव्या दिवशी काका गेले.

त्यानंतर पुडीतला गुलाब त्यांच्या दारात गेला नाही. काकूंच्या केसात फूल दिसलं नाही. आई तो गुलाब देवापुढे ठेवायला लागली. भांडण झालं नाही, कुणी काही बोललं नाही. नळावर, जिन्यात "बरंय का", "बरंय". बारा वर्षं.

१ फेब्रु., रविवार

दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. एकदा आतून टीव्हीचा आवाज, एकदा काहीच नाही. परत आले.

४ फेब्रु.

गेले. हाफ डे टाकून दुपारी, आई बचतगटाच्या मीटिंगला गेलेली बघून.

खोली अर्धी रिकामी. भांडी गोणीत. काकू खाली बसून सुकटीच्या बरण्या कागदात गुंडाळत होत्या.

"काय गो मनू, वाट चुकली काय?"

पाठ करून गेले होते. त्यातलं काही आलं नाही. म्हणाले, "काकू, तो पांढरा गुलाब. मला कळत नव्हतं. माफ करा."

त्यांना आधी समजलंच नाही. मग हसल्या. मी इतकी वर्षं ज्या उत्तराला घाबरले होते ते हे नव्हतं.

"तो होय? तो मी हॉस्पिटलात नेला. यांच्या उशाशी ठेवला. चिट्ठी वाचून दाखवली. बोलले, पोरीचं अक्षर बघ, छापल्यासारखं. नर्सबायला पण दाखवली."

मी रडायला लागले. त्यांनी बरणी गुंडाळायची थांबवली नाही.

"त्यावर नाय रुसली मी. येडी हायस काय? तेरावा झाला, चौदाव्या दिवशी उठली, न्हाली, केस बांधले. बाजारात तर जायलाच पायजे. आरशासमोर बसली, हात मागे केला." त्यांनी करून दाखवला. तसाच, न बघता. "पुडी नाय आली."

मी म्हटलं, "आईला वाटलं असेल..."

"तुझ्या आईला काय वाटलं ते तुझ्या आईने सांगावं. माझी आय रांडमुंड होती तरी मरेपर्यंत फूल माळायची. माशाच्या वासाला गुलाबच पुरा पडतो. मला कोण अडवणार होतं?"

"मग विकत का नाही घेतलंत?"

माझ्याकडे असं बघितलं की मी पदवीधर आहे हे त्यांना आत्ताच कळलं.

"ते विकतचं असतं, मनू. हे दारातून यायचं."

निघताना सुकटीची पुडी हातात दिली. "आईला सांगू नको माझी म्हणून. बाजारातली सांग."

५ फेब्रु.

सांगितलं. सगळं. आणि जसं सांगायला नको होतं तसंच सांगितलं. विधवेला फूल न देणं ही कशी क्रूर प्रथा आहे, आपण स्वतःला सुधारलेले म्हणवतो, वगैरे. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत बोलल्यासारखी बोलले.

आई भिंतीला टेकली. "मी क्रूर होय?"

"तसं नाही गं..."

"मला वाटलं फूल बघून तिला जास्त लागेल. इतका रडका आवाज यायचा भिंतीतून. म्हटलं राहू दे थोडे दिवस. मग महिना झाला. मग कोणत्या तोंडाने जाणार होते? आज का, काल का नाही, असं तिने विचारलं असतं तर?"

मग, "तू ग्रॅज्युएट झालीस. माका काय ता शिकवू नको."

चिडली की तिचं मालवण बाहेर येतं.

बाबा बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले, "सुकट बाजारातली नाही ही. एवढी स्वच्छ ती एकटीच निवडते." आणि जेवायला बसले.

मला दोष द्यायला आई सोपी आहे. खरं असं की त्या बारा वर्षांत रोज सकाळी तो गुलाब देवापुढे जाताना मी बघत होते. आणि मला बरं वाटायचं. काकूंसमोर उभं राहायला नको म्हणून. प्रथा वगैरे मला तेव्हा आठवली नव्हती. अकरा पावलं मलाही येत होती.

७ फेब्रु., शनि.

रोझ डे. ऑफिसात वेड. फोन, पत्ते, "लालच पाहिजे, मरून नको". माझा तक्ता सकाळी ॲपवर गेला. पांढऱ्याची ओळ मी मोकळी पाठवली होती. मॅडमनी भरली: "शुभ्र नवी सुरुवात". सोबत मी शेवटी एक ओळ जोडली होती: "देशी गुलाबी – रोजचा, शेजारी द्यायचा." ती काढली. "गोड आहे, पण हा आपण विकत नाही ना गं."

बरोबर आहे त्यांचं.

आईचं माझ्याशी बोलणं कामापुरतं. आजच्या पुडीत गुलाब नव्हता. फुलवाला म्हणाला, सगळा गुलाब दुकानांकडे गेला, आठवडाभर शेवंती घ्या.

९ फेब्रु.

आई पुडी सोडते, पानं बाजूला करून बघते, परत झाकते. आज बोललीच. पाठ माझ्याकडे.

"पुडीत आला असता तर नेला असता."

"मी आणते ना दादरहून. कुठला आणू? गुलाबी कृतज्ञतेचा. पिवळा मैत्रीचा. नाहीतर –"

"पुडीत येईल तो," आई म्हणाली. "तिचा तोच होता."

पुडीत येणार नाही. निदान १४ पर्यंत तरी. मी हे सांगितलं नाही, तिलाही ठाऊक आहे. कधी कधी वाटतं, तिला न येणंच सोयीचं आहे. कधी वाटतं, ती रोज सकाळी माझ्याआधी उठून कडीकडे बघते.

१० फेब्रु.

काही नाही. शेवंती.

काकूंचं कपाट नेलं. चार माणसं जिन्यात अडली होती. काकू वरून ओरडत होत्या, "अरे तिरका कर, तिरका! लग्न करून आणलंय ते कपाट, माझ्याआधी पोचलं होतं घरात!" अख्खा मजला हसला. आई दाराआड उभी राहून हसली. मी बघितलं.

११ फेब्रु.

आई झोपताना: "सकाळी लवकर उठव. दादरला जाऊ."

"दोघी?"

"मग काय, बाबांना नेऊ?"

१२ फेब्रु., गुरुवार

सकाळी सहाला फूलबाजारात. पुलाखाली पाय ठेवायला जागा नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या जुड्या, बादल्याच बादल्या, सगळे रंग. जांभळासुद्धा. आई प्रत्येक बादलीसमोर थांबायची. मग माझ्याकडे वळली.

"बोल. कुठला घेऊ?"

मी. जिने सगळ्या रंगांचे अर्थ लिहून दिले. मला काही येईना. लाल? नाही. पिवळा? बारा वर्षांनंतर मैत्रीचा पिवळा, कॉलेजातल्यासारखा? गुलाबी घेतला तर आभार, पण आभार कशाचे? पांढऱ्याकडे आम्ही दोघींनी एकदमच बघितलं, आणि एकदमच नजर काढली.

"माहीत नाही गं," म्हटलं.

आई पुढे चालायला लागली. बादल्या मागे पडल्या. कडेला हारवाल्यांसाठी टोपल्यांत सुटा माल, किलोवर. झेंडू, शेवंती, आणि एका टोपलीत देशी गुलाब. बुटके, देठ नावालाच. आईने वाकून वास घेतला आणि तिथेच उकिडवी बसली. एक-एक फूल उचलून बघितलं. टोपलीवाली वैतागली, "मावशी, एक फूल नाय विकत मी." आई म्हणाली, "मग पाव किलो दे. पण मी निवडणार."

घरी येईपर्यंत निवडलेल्या फुलाच्या चार पाकळ्या गळल्या. आईने ते पदरात धरून आणलं तरी. बाकीची पिशवीत, माझ्याकडे.

टेम्पो खाली लागलेला. आई आमच्या दारात थांबली. एक सेकंद मला वाटलं, मला देणार, लहानपणीसारखं, "जा, देऊन ये". तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा. मी पिशवी दोन्ही हातांनी धरली.

ती गेली. मी चार पावलं मागे.

काकू रिकाम्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर. भिंतीवर आरशाची फिकट जागा. आई उंबऱ्याशी उभी राहिली. तळहात पुढे.

काकूंनी फुलाकडे बघितलं. मग आईकडे.

"पुडी आली वाटतं," म्हणाल्या. "आज उशीर झाला."

आई म्हणाली, "बाजारात गर्दी होती."

आईचा खांदा हलत होता, मला पाठच दिसत होती. काकूंनी फूल घेतलं, हातात फिरवलं. दुसरा हात मागे केसांकडे गेला, आणि तिथे काय आहे ते आठवल्यासारखा थांबला. "आता अंबाडा कुठे राहिलाय? पेन्सिलीएवढी वेणी." हसल्या.

"बांधून देऊ?" आईने विचारलं.

खालून काकूंच्या जावयाने हॉर्न दिला. काकू उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून. फूल रुमालात ठेवलं, रुमाल कमरेला खोचला. आईच्या हनुवटीला हात लावला. माझ्याकडे बघून, "पाकळ्या सांडल्यास काय गो परत?"

मी पिशवी दाखवली. "अजून आहेत."

"मग सांड."

गॅलरीतून बघितलं. टेम्पोत पुढे बसल्या. वर बघितलं नाही. केस वरून स्पष्ट दिसत होते, पांढरे, फूल नव्हतं. रुमाल कमरेलाच होता की हातात, ते दिसलं नाही.

आईने त्यांच्या उंबऱ्याशी पडलेल्या दोन पाकळ्या उचलल्या. कुठे ठेवल्या माहीत नाही. मला हाफ डे लागला.

१३ फेब्रु.

शेजारी कुलूप. पाव किलोतले उरलेले गुलाब आईने साखर घालून बरणीत भरले, गच्चीवर उन्हात ठेवले. गुलकंद. "कोणाला एवढा?" बाबांनी विचारलं. आई म्हणाली, "होईल तेव्हा बघू."

१५ फेब्रु., रविवार

रोझ डे, तो डे, हा डे, सगळे संपले. पुडीत आज गुलाब होता. लाल, लांब देठाचा, दुकानांतून उरलेला असणार. आमच्या तक्त्यात याचा अर्थ पहिलाच.

आईने जास्वंद गणपतीला दिलं. दूर्वा. तुळस. गुलाब हातात घेऊन थोडा वेळ देवासमोर उभी होती. मग स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं, फूल त्यात घातलं, खिडकीत ठेवलं.

चहा झाला. बाबांचा पेपर झाला. आईने केस विंचरले. मग कपाट उघडून बाहेरची साडी काढली, बिछान्यावर ठेवली, आणि भात लावायला गेली.

मध्येच विचारलं, "पाण्यात संध्याकाळपर्यंत राहतो का गं हा?"

"राहतो."

"शीवला बस कुठून लागते?"

सांगितलं. बाबांनी पेपरातून मान वर केली, परत खाली घातली.

आता साडेतीन. साडी अजून घडी घातलेलीच आहे. आई तिच्या शेजारी आडवी झालीय, पण डोळे उघडे. मी काही विचारणार नाही. मी चपला दाराजवळ काढून ठेवल्यात, दोघींच्या.